आधी कुठे बांधायचे नाही ते ठरवू

पावसाळ्यात सांगलीतल्या शाळकरी पोरालाही दोन आकडे पाठ असतात: ४० आणि ४५. आयर्विन पुलापाशी कृष्णा चाळीस फुटांवर गेली की इशारा आणि पंचेचाळीसवर गेली की धोका. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाने २००५ मध्ये ५३ फुटांच्या वर, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर पाणी पाहिले. प्रत्येक पुरानंतर चर्चा एकाच ठिकाणी जाते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने पाणी अडवले का, कोयना धरणातून उशिरा सोडले का? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण पाण्याच्या वाटेत इतकी घरे कशी उभी राहिली, आणि ती तिथे नसती तर कुठे असायला हवी होती, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

या प्रश्नाचे उत्तर एकट्या सांगलीत सापडत नाही. कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, वाईवरून साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला भेटते, आणि सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात वारणेला घेऊन पुढे जाते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण आणि जतमध्ये तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर जमिनीचे जे काही केले जाते, त्याचा परिणाम खाली सांगलीच्या चौकात येऊन पोहोचतो. जमिनीचे नकाशे मात्र नदीच्या हिशेबाने निघत नाहीत. सातारा आणि कऱ्हाड नगरपालिकांचे वेगळे, सांगली-मिरज-कुपवड महापालिकेचा वेगळा, एमआयडीसीचा वेगळा, महाबळेश्वर-पाचगणीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा वेगळा, आणि आता डोंगरातल्या गावांसाठी रस्ते विकास महामंडळाचा आणखी एक. संपूर्ण खोरे एका कागदावर मांडलेला, कायद्याचे बळ असलेला नकाशा सामान्य माणसाच्या हाती नाही.

दुसरी एक गोष्ट या चर्चेत नेहमी हरवते. लोकसंख्या वाढली म्हणून वस्ती पसरली, असे आपण गृहीत धरतो. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. सातारा जिल्ह्याची वाढ होती ७ टक्क्यांच्या जवळपास, सांगलीची ९ टक्क्यांहून थोडी जास्त. ही माणसे बाहेर पाठवणारी गावे आहेत. साताऱ्याचा माथाडी मुंबईला, खानापूर-आटपाडीचा सोने-चांदी गाळणारा गलाई व्यावसायिक देशभर, शिकलेली मुले पुण्याला. तरीही शहरांच्या कडेचे रान संपत चालले आहे. त्याला डोक्यांच्या संख्येपेक्षा पैशाची दिशा कारण आहे. मुंबई-पुण्याची पुंजी, उसाचे बिल, निवृत्तीची रक्कम हे सगळे शेवटी प्लॉटमध्ये जाते, कारण आपल्याकडे जमिनीइतका भरवसा दुसऱ्या कशावर नाही. मग प्लॉट पडून राहतो, त्याच्या पलीकडे घर होते, आणि रस्ता, दिवा, पाण्याची नळी त्या रिकाम्या प्लॉटांना वळसा घालत लांबत जाते.

जगाने हे दुखणे पूर्वीच ओळखले आहे आणि इलाजही शोधले आहेत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९७३ मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला वाढीची सीमा आखायला लावली. सीमेच्या आत दाट बांधा, बाहेर शेती आणि जंगल राहू द्या. मेरीलँडने १९९७ मध्ये वेगळी युक्ती केली. आधीच वसलेल्या भागातच सरकारी पैसा खर्च होईल, माळावर नवी वसाहत काढणाऱ्याने रस्ता आणि गटार स्वतःच्या खिशातून करावे. ‘स्मार्ट ग्रोथ’ म्हणतात ते हेच. (आपल्याकडे स्मार्ट म्हटले की सिग्नलवरचा कॅमेरा आणि रंगवलेली भिंत आठवते, तो भाग निराळा.)

देशावरच्या गावांना हा विचार परका नव्हता. गाव वसवायचे पांढरीवर, पेरायचे काळीत, जनावरे चारायची गायरानात. नदीकाठच्या मळीत पीक घ्यायचे, घर नाही. या व्यवस्थेचे गोडवे गाताना मात्र जपून. गावकुसाबाहेरच्या वस्त्या बहुधा ओढ्याच्या किंवा पडत्या अंगाला ढकललेल्या असत, आणि खुद्द सांगलीचा जुना गावभाग पटवर्धनांच्या काळापासून नदीला खेटून आहे. तरी जमिनीचा पोत पाहून तिचा उपयोग ठरवायचा, एवढे शहाणपण त्यात होते. आज जमिनीचा उपयोग तिचा दर ठरवतो.

सांगलीला हे सर्वात स्पष्ट दिसते ते गुंठेवारीत. एकरात चाळीस गुंठे, आणि गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शहराच्या कडेला दीड-दोन एकर रान असलेला शेतकरी उसाचा पैसा आणि प्लॉटचा पैसा शेजारी-शेजारी ठेवून बघतो. त्याचा निर्णय चुकला असे म्हणायची माझी हिंमत नाही. चुन्याच्या रेघा ओढून, मध्ये दहा-पंधरा फुटांची वाट सोडून दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पडतात. बिनशेती परवानगी नाही, मंजूर ले-आउट नाही, शाळेला किंवा बागेला मोकळी जागा नाही, पाणी कोणत्या बाजूला उतरणार हे कुणी पाहिलेले नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे सरळ खरेदीखत होत नसे, मग स्टँपपेपरवर करार होई, किंवा एकाच सात-बारावर सामाईकात दहा नावे चढत. घेणारा कोण? मार्केट यार्डातला हमाल, कुपवडच्या कारखान्यातला कामगार, मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून आलेले कुटुंब. मंजूर ले-आउटमधला प्लॉट त्यांना परवडत नाही, आणि सरकारने त्यांच्यासाठी दुसरी जागा तयार ठेवलेली नसते.

सांगलीच्या शामरावनगरसारख्या भागात या पद्धतीची किंमत दिसते. काळी, सखल जमीन, आणि तिच्यावर गुंठ्या-गुंठ्याने उभी राहिलेली वस्ती. तिथे पूर यावा लागत नाही, साधा जोराचा पाऊस पुरतो. जे ओढे-नाले पाणी वाहून नेत होते, त्यांच्यावर भराव पडले, आणि काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो. मग महापालिकेकडे मागणी होते, मुरूम टाका, गटार करा. मुरूम टाकून रस्ता उंच होतो आणि घर खोलात जाते. घर आधी आणि गटार मागून असे झाले की जे काम एकदा चर खणून झाले असते, त्यासाठी वर्षानुवर्षे खोदाई चालते, आणि दहा फुटांच्या बोळात ना अग्निशमनाची गाडी जाते ना मैला उपसण्याची.

कायद्याने यावर काय केले? २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आणला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवाऱ्या त्यात घेतल्या. २०२१ मध्ये दुरुस्ती करून ही तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आणली. पुढे २०२३ मध्ये जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे असे नवे प्रमाणभूत क्षेत्र आले, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने निवासी भागातल्या लहान तुकड्यांसाठी तुकडेबंदीच सैल करण्याची घोषणा केली. ज्याने आयुष्याची कमाई घालून घर बांधले, त्याच्या डोक्यावरची टांगती तलवार काढायला हवी, यात शंका नाही. पण तारीख दर वीस वर्षांनी पुढे सरकते हे एकदा कळले, की आजचा प्लॉट पाडणारा पुढच्या तारखेच्या हिशेबानेच चुना ओढतो. नियमितीकरण घरमालकाला न्याय देते. त्याबरोबर नवी, स्वस्त, आखलेली जमीन बाजारात आणली नाही तर शहराच्या पदरी मात्र काही पडत नाही.

आता पूररेषा. जलसंपदा खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून राज्यात दोन रेषा धरल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई. बागा, मैदाने, भाजीचा उघडा बाजार यांनाच मुभा. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर बांधकाम. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने तीच चौकट ठेवली, पण निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्बांधणीला वाट दिली. अट एवढीच की जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे.

कागदावर अट वाजवी वाटते. पण जोते उंच झाले म्हणून त्या घरापर्यंतचा रस्ता कोरडा राहत नाही. वरच्या मजल्यावर सुरक्षित असलेल्या कुटुंबाला दूध, औषध आणि म्हातारीला दवाखाना हवाच असतो, आणि त्यासाठी बोट लागते. उंचीसाठी भराव घातला की तेवढे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या वस्त्यांत सर्वात आधी पाणी शिरते हे सांगलीत कुणालाही विचारा, सांगेल. त्या लोकांना दर पुरात हलवायचे, पंचनामे करायचे, मदत वाटायची, आणि पाणी ओसरले की पुन्हा तिथेच पाठवायचे, हा क्रम २००५ पासून तीन मोठ्या पुरांत झाला. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टीबरोबर नदीपात्राचा संकोच आणि पूरक्षेत्रातली बांधकामे याकडे तिने बोट दाखवले, आणि अलमट्टीला दोषी धरले नाही. अलमट्टीबद्दलच्या निष्कर्षावर सांगलीत रण माजले. बांधकामांबद्दलच्या निष्कर्षावर फारसे कुणी बोलले नाही, कारण तिथे दोष देण्यासाठी दुसरे राज्य सापडत नाही.

नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुरात अडीच लाख माणसे हलवावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या बंधारे उंच करणाऱ्या त्या देशाने त्यानंतर धोरण बदलले आणि तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली. बांध मागे घेतले, शेती वा घरे हलवली, त्याची भरपाई दिली. आपल्याकडे पूरनियंत्रण म्हटले की आधी संरक्षक भिंतीची निविदा दिसते. सांगलीला उंच जागा नाही असेही नाही. विश्रामबाग, कुपवड आणि मिरजेचा मोठा भाग चढावर आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय विजयनगरला गेले, म्हणजे उंच जागेचे महत्त्व सरकारने स्वतःपुरते ओळखले. बाजारपेठ आणि गरीब वस्त्या होत्या तिथेच राहिल्या.

जमिनीचा गुण एकदा गेला की परत येत नाही, याचे सांगलीतले उदाहरण म्हणजे हरिपूरची हळदीची पेवे. तिथल्या मातीत खणलेल्या खोल पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकायची, आणि सांगलीच्या बाजाराचे नाव त्यावर उभे होते. २००५ च्या पुराने ही पेवे मोठ्या प्रमाणावर निकामी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण साठवण आता गोदामांत आणि शीतगृहांत आहे. मानांकन मातीचेही असते हे लक्षात घेतले, तर हरिपूर परिसर ही विकास आराखड्यात वारसा म्हणून राखायची जमीन आहे. तिथून नदीला समांतर उपनगर वाढवणे हा करंटेपणा ठरेल.

साताऱ्याची अडचण उलट आहे. तिथे पाणी खाली उतरते आणि माणसे डोंगरावर चढतात. अजिंक्यताऱ्याने आणि यवतेश्वरच्या डोंगराने दोन बाजू अडवल्यामुळे शहर पूर्वेला, महामार्गाकडे सरकले. जुनी हद्द सुमारे आठ चौरस किलोमीटरची. बाहेर शाहूपुरी, विलासपूरसारखी उपनगरे ग्रामपंचायतींच्या कारभारात शहर होऊन बसली. वर्षानुवर्षे रखडलेली हद्दवाढ सप्टेंबर २०२० मध्ये झाली. याचा अर्थ, वस्ती आधी पूर्ण झाली आणि नियोजन करणारी संस्था नंतर आली. ग्रामपंचायतीकडे ना नगररचनाकार ना अभियंता, आणि ज्या ओढ्यांवर तिथे कंपाउंड उभे राहिले ते आता नगरपालिकेला वारसाहक्काने मिळाले. पोवई नाक्यावर गर्दी झाली म्हणून जमिनीखालून रस्ता काढला, २०२१ मध्ये तो सुरूही झाला. पण उपनगरे रोजच्या प्रत्येक कामासाठी त्याच नाक्यावर यायला लावणारी असतील, तर गर्दीला दुसरी वाट कुठून मिळणार?

साताऱ्याचे पिण्याचे पाणीही डोंगरातूनच येते. प्रतापसिंह महाराजांच्या काळात यवतेश्वर आणि महादरे परिसरातून खापरी नळांनी शहरात पाणी आणले गेले. पुढे कास तलाव झाला. वीज न जाळता उताराने येणारे पाणी हे या शहराचे भाग्य. त्या तलावाच्या वरचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले. सह्याद्रीतल्या ज्या चार ठिकाणांना तो मान मिळाला, त्यांपैकी कास, कोयना आणि चांदोली ही तीन याच दोन जिल्ह्यांच्या भूमीवर आहेत. आणि नेमक्या याच डोंगररांगेत, यवतेश्वरपासून कासकडे जाणाऱ्या रस्त्याला हॉटेले आणि बंगल्यांची रीघ लागली आहे. जांभ्याच्या सड्यावर विष्ठेचा खड्डा खणला तर ते पाणी कुठे जाते, हे कळायला भूगर्भशास्त्रज्ञ व्हावे लागत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीला जानेवारी २००१ मध्ये केंद्राने पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र घोषित केले. तिथे नियम कडक झाले, म्हणून गर्दी शेजारच्या तालुक्यांत उतरली. आता सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली शेकडो गावे घेऊन ‘नवीन महाबळेश्वर’ हे गिरिस्थान उभे करण्याचा घाट राज्याने घातला आहे आणि रस्ते विकास महामंडळाला त्याचे नियोजन दिले आहे. या प्रकल्पाच्या बाजूने सांगितले जाणारे कारण खोटे नाही. कोयनेच्या पलीकडची गावे ओस पडली, रस्ता नाही, दवाखाना नाही, पोरे मुंबईला. पण तिथल्याच कांदाटी खोऱ्यात झाडाणी गावातली शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. गिरिस्थान होण्याआधीच जमीन गावकऱ्याच्या हातून गेली, तर त्याच्या वाट्याला हॉटेलातली नोकरी तेवढी उरेल. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. उतार कापून रस्ते आणि बंगले करण्याचा विचार करताना ही तीन नावे नकाशावर ठळक अक्षरांत हवीत. पश्चिम घाट जपण्याबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यावर केंद्राने मसुद्यामागून मसुदे काढले. सहावा जुलै २०२४ मध्ये आला. अंतिम अधिसूचनेची वाट पाहता पाहता सातबारे फिरत राहिले.

पूर्वेचे दुष्काळी तालुके हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ उपसा योजनांनी पाणी आले आणि माळ हिरवे झाले हे मोठेच काम. पण कृष्णाकाठाने उसाला पाटाने पाणी देऊन देऊन हजारो हेक्टर जमीन क्षारपड करून घेतली आहे. तीच चूक नव्या लाभक्षेत्रात होऊ नये यासाठी पिकांचा विचारही जमीन वापराच्या आराखड्यात हवा. निवासी, औद्योगिक आणि हरित एवढ्या तीन रंगांत तो मावत नाही.

चांगले काही झालेच नाही असे नाही. १९१० मध्ये बेळगावच्या नगरपालिकेला उपनगरासाठी जागा हवी होती म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला. औंध संस्थानाने त्यांना कुंडल स्थानकाजवळचा निवडुंगाचा माळ दिला. कारखाना, घरे, शाळा हे सगळे चालत जाण्याच्या अंतरात, आणि सारे नापीक जमिनीवर. शंभर वर्षांपूर्वीच्या किर्लोस्करवाडीत जे जमले ते आजच्या औद्योगिक वसाहतींत दिसत नाही. कामगार तिथे रोज वीस-पंचवीस किलोमीटरवरून दुचाकीने येतो. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर आणि जास्त वापराला चढा दर असे करून दाखवले. उपनगरातही नळाआधी हिशेब करता येतो हे त्यातून सिद्ध झाले. भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले ते लोकांच्या राहत्या घरांत आणि मंदिरांत. एक नवा डोंगर न कापता पर्यटक आले.

पुढे काय करावे? माझ्या मते क्रम उलटा करावा लागेल. आराखडा आज रस्ते आणि निवासी वापराच्या पिवळ्या पट्ट्यापासून सुरू होतो आणि उरलेल्या जागेला हरित पट्टा म्हणतो. तो निळ्या रेषेपासून, ओढ्यांपासून, डोंगरउतारापासून आणि काळ्या रानापासून सुरू व्हावा. एवढे आधी वगळा, आणि जे उरेल त्यात दाट, उंच, चालत जाता येईल असे बांधा. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात नगररचना योजनेची तरतूद आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून त्यातून रस्ते, गटार, शाळा, मैदान काढायचे आणि प्रत्येकाला आखीव, किमतीने वाढलेला, थोडा लहान प्लॉट परत द्यायचा. मुंबई इलाख्यात ही पद्धत १९१५ च्या कायद्याने आली. गुजरातने ती टिकवली, आपण टाकली. गुंठेवारीला हाच खरा पर्याय आहे, कारण यात शेतकऱ्याची जमीनही जात नाही आणि हमालाला मंजूर प्लॉटही मिळतो. कुपवडच्या चढावर आणि साताऱ्याच्या वाढीव हद्दीत याची सुरुवात करता येईल. दोन जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी निधीवाटपापलीकडे जाऊन एकदा कृष्णेच्या खोऱ्याचा एकच नकाशा समोर ठेवून बसायला काय हरकत आहे? राज्यघटनेने त्या समित्या शहर आणि गाव यांचा मेळ घालण्यासाठीच निर्माण केल्या आहेत.

आणि वाचकाने करायचे एक काम आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी कायद्याने तीस दिवस मिळतात. त्या दिवसांत पालिकेच्या भिंतीवर लावलेल्या नकाशापुढे बहुतेक वेळा ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडले तेच उभे असतात, बाकीचे शहर फिरकत नाही. पुढच्या वेळी जा. आपल्या गल्लीतला ओढा नकाशात आहे का, निळी रेषा कुठून जाते, शाळेची जागा कुठे सरकली, हे बघा, आणि एका साध्या कागदावर लेखी हरकत देऊन पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही. लेखी हरकतीवर आराखड्याच्या नियोजन समितीला सुनावणी घ्यावीच लागते.